मुंबईच्या गाडीला नक्की कुठलं इंजिन ऑइल? आणि सोसायटीच्या पार्किंगमधे स्वतः बदलता येईल का?

कांदिवली_स्लो
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ७१ हजार किमी झालेत. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम सांगत नाही कारण सांगितलं की पाचव्या प्रतिसादापासून मारुती विरुद्ध ह्युंदाई सुरू होतं आणि माझं ऑइल राहतं बाजूला. रोज कांदिवली ते अंधेरी एमआयडीसी, साधारण १५ किमी, आणि त्याला लागतात सव्वा तास. पाऊस असेल तर विचारूच नका.

वॉरंटी संपल्यावर घराजवळच्याच एका गॅरेजमधे सर्व्हिसिंग करतो. गेल्या वेळी घरी येऊन बिल बघितलं तर १५डब्ल्यू४० हे जास्त घट्ट ऑइल टाकलेलं. मॅन्युअलमधे सरळ ५डब्ल्यू३० लिहिलंय. परत जाऊन विचारलं तर म्हणतो, "साहब वो बाहर के देश के लिए है, मुंबई की गरमी में पतला ऑइल पानी हो जाता है." तेव्हापासून सकाळी स्टार्ट केल्यावर दोन तीन सेकंद वरून टकटक येते, आधी नव्हती. अ‍ॅव्हरेज पण जरा पडलंय असं वाटतं, पण ते मनाचे खेळ असतील.

तर प्रश्न दोन. एक, तो म्हणतो त्यात तथ्य आहे का? दोन, ऑइल आणि फिल्टर मी स्वतः बदलू शकतो का? हिशोब केला तर साधारण एकोणीसशे रुपये वाचतात. आमच्याकडे स्टिल्ट पार्किंग आहे, सेक्रेटरी कडक आहेत.

घाटरस्ता
मेकॅनिक बरोबर बोलतोय. माझी गाडी २ लाख ४० हजार चाललीये, कायम २०डब्ल्यू५० टाकतो, इंजिन एकदाही खोललं नाही. हे शून्य डब्ल्यू वगैरे पाण्यासारखी ऑइलं फक्त कंपन्यांना अ‍ॅव्हरेजचे आकडे चांगले दाखवायला काढलीयेत. आपल्याकडे घट्टच पाहिजे.

नुसताच_वाचक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय

माहुलचा_म्हातारा
मी ३१ वर्षं चेंबूर-माहुल पट्ट्यात ल्यूबच्या, म्हणजे वंगणाच्या लॅबमधे काढली, आता रिटायर्ड आहे. हात शिवशिवले म्हणून लिहितोय, लांबेल.

आधी तो डब्ल्यू. बरेच जण त्याला वेट समजतात. डब्ल्यू म्हणजे विंटर. आणि त्याच्या आधीचा ५ म्हणजे पाच डिग्री पण नव्हे, तो नुसता वर्गाचा नंबर आहे. ५डब्ल्यू ऑइलची क्रँकिंगची, म्हणजे थंड इंजिन स्टार्टरने फिरतं का ही टेस्ट उणे ३० डिग्रीला घेतात, १५डब्ल्यू ची उणे २० ला, २०डब्ल्यू ची उणे १५ ला. आता मुंबईचं बघा. सांताक्रूझचा नीचांक ७.४ डिग्री, तोही २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे मेकॅनिक म्हणेल बघा मी म्हणत होतो, मुंबईत ५डब्ल्यू ची गरजच काय? आणि थंडीच्या हिशोबाने गरज नाहीच. १५डब्ल्यू ने मुंबईत इंजिन सुरू व्हायचं थांबत नाही.

पण गोम पुढे आहे. सकाळी तुमच्या इंजिनातलं ऑइल २५-३० डिग्रीला असतं. इंजिनच्या दृष्टीने तेही थंडच, कारण इंजिनची रचना १०० च्या आसपासच्या ऑइलसाठी केलेली असते. साधारण ५डब्ल्यू३० ची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, १०० डिग्रीला १०-११ सेंटीस्टोक्स (आकडा मोठा तसं ऑइल घट्ट), तेच ऑइल ४० डिग्रीला ६० च्या घरात. १५डब्ल्यू४० घेतलंत तर १०० ला १४ च्या आसपास आणि ४० ला शंभरच्या वर. ३० डिग्रीला आणखी जाड. काकवी बघा, गरम असते तेव्हा भाकरीवर पळते आणि गार झाली की चमच्याला लटकून बसते. सकाळच्या त्या दोन तीन सेकंदात काकवी इंजिनच्या वरच्या मजल्यावर पोचायची असते. तुमची टकटक त्यामुळेच आहे असं मी छातीठोक सांगणार नाही, पण मला नवल वाटत नाही.

आता दुसरा आकडा. ३० म्हणजे १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. मुंबईची गरमी म्हणतात ती इथे लागू व्हायला हवी, आणि इथेच होत नाही, कारण इंजिनला तापमान सांभाळणारा थर्मॉस्टॅट असतो. बाहेर १८ असो नाहीतर ३६, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आपलं ८५-९० च्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल त्याच्या मागोमाग जातं. एसव्ही रोडवर उभ्या गाडीत तुम्ही उकडून निघाल, पण बेअरिंगवर तेव्हा लोड जवळपास नाहीच. ऑइलची खरी परीक्षा पाच माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या आणि एसी लावून कसारा चढताना होते.

म्हणून मॅन्युअलमधे ५डब्ल्यू३० असेल तर ५डब्ल्यू३० टाका.

घाटरस्ता
काका मान्य, पण मग माझी गाडी कशी चालली सांगा?

माहुलचा_म्हातारा
चालणारच. इंजिनं सोशिक असतात. तुमचं जुन्या पद्धतीचं, क्लिअरन्स (भागांमधल्या फटी) मोठे, आणि बहुतेक आता थोडं ऑइल पीत पण असेल, बरोबर? तशा इंजिनला एक ग्रेड वर जाणं चुकीचं नाही, पुष्कळ मॅन्युअलमधे तापमानाचा तक्ता असतो त्यात ४० पण दिलेला असतो. पण तुमच्या गाडीचं औषध आजच्या ०डब्ल्यू१६ वाल्या गाडीला द्यायचं नाही. हा १६ ग्रेड २०१३ ला आला, त्याची इंजिनं, पंप, बेअरिंग सगळं त्या हिशोबाने केलेलं असतं. आणि उलटं पण नाही. जुन्या ५डब्ल्यू३० च्या गाडीत अ‍ॅव्हरेज वाढेल म्हणून ०डब्ल्यू१६ घालणारे महाभाग मी बघितलेत.

घाटरस्ता
हो पितं थोडं, हजार किमी ला दोनशे मिली. बरं राहू दे.

अनुजा_मुलुंड
काका, डिझेलचं पण सांगा ना. माझी २०१४ ची १.३ डिझेल आहे. ऑइल बदलल्यावर दोनशे किमी मधेच डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) डांबरासारखं काळं. सर्व्हिसवाल्याने सांगितलं मॅडम इंजिन आतून घाण आहे, फ्लश करावं लागेल, आठशे रुपये. केलं. पुढच्या वेळी परत तेच काळं.

माहुलचा_म्हातारा
ताई तुमचे आठशे गेले. डिझेलच्या ऑइलचं कामच काजळी धरून ठेवायचं, त्यात डिटर्जंट आणि डिस्पर्संट त्यासाठीच घालतात. काळं झालं म्हणजे काजळी तळाला न बसता ऑइलमधे तरंगतेय. उलट दोन हजार किमी नंतरही डिझेलचं ऑइल मधासारखं सोनेरी दिसलं तर मला शंका येईल.

ग्रेडच्या बरोबरीने कॅनच्या मागचा बारीक मजकूर वाचत जा. पेट्रोलला एपीआय (अमेरिकेचं मानक) एस वाली अक्षरं, एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, अक्षर पुढे तसं नवं. टर्बो पेट्रोल असेल तर एसपी किंवा त्याच्या पुढचंच बघा, कमी स्पीडला इंजिनमधे वेळेआधी भडका होतो त्यासाठी त्यात टेस्ट आहे, टायमिंग चेनच्या झिजेसाठी पण आहे. डिझेलला एपीआयचीच सी वाली अक्षरं. पण बीएस६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, मॅन्युअलमधे एसीईए (हे युरोपचं वेगळं मानक) सी२ किंवा सी३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथे ग्रेड बरोबर आणि स्पेक चुकीचं टाकलं तर राख फिल्टरमधे जाऊन बसते आणि ती जळत पण नाही. तुमच्या २०१४ ला ही भानगड नाही, तरी मॅन्युअल बघाच.

पार्ल्याची_पॅसेंजर
ऑइलच्या रंगावरून आठवलं. २६ जुलै २००५, बाबांची गाडी कलिन्याला ऑफिसच्या बाहेर उभी होती, बॉनेटपर्यंत पाणी. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिमी झाला होता. बाबा दोन दिवसांनी गाडी आणायला गेले, मेकॅनिक मिळेना, म्हणून वैतागून स्वतःच चावी मारली. एकदाच खट्ट झालं आणि बंद. नंतर इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट खोलला तेव्हा त्यातून अक्षरशः कटिंग चहा बाहेर आला, तोच रंग, वर फेस. कनेक्टिंग रॉड वाकला होता. बाबा अजून सांगतात, चावीला हात लावायच्या आधी डिपस्टिक बघितली असती तर नुसत्या ऑइल-फिल्टरवर आणि सफाईवर भागलं असतं. तेव्हा पाण्यात बुडलेल्या गाडीचं ऑइल दूधकट दिसलं तर प्लीज स्टार्टर मारू नका, टो करा.

गोटीपाना
आता मूळ मुद्द्यावर येऊ, स्वतः करायचं का. कर भावा, मी नऊ वर्षं करतोय, डोंबिवलीत, आणि आमचे सेक्रेटरी तुझ्यापेक्षा वाईट आहेत.

नागदेवी स्ट्रीटला जाऊन एक चांगला गोटी पान्याचा सेट घे, फिल्टर काढायचा पाना घे, दोन स्टँड घे. स्टँड म्हणजे स्टँड, डिकीतल्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच झोपायचं नाही, हे एकच वाक्य वाचलंस आणि बाकी काही नाही वाचलंस तरी चालेल. चेंबरच्या नटाला गाडीप्रमाणे १४ नाहीतर १७ चा पाना लागतो, आधी खाली वाकून बघून घे. नटाचा वायसर नवा आण, दहा वीस रुपयाची गोष्ट आहे, जुना दाबून चपटा झालेला असतो. फिल्टर ओरिजिनल, ऑपेरा हाऊसला स्पेअर पार्टच्या दुकानात मिळेल, नाहीतर कंपनीच्या काउंटरवर.

गाडी पाच मिनिटं चालू ठेव, कोमट झाली की ऑइल पटकन उतरतं, पण लांबून चालवून आल्या आल्या करू नको, हात भाजेल. वरचं झाकण काढ, हँडब्रेक ओढ, मागच्या चाकांना विटा लाव, मग उचल. खाली जुनी परात नाहीतर पसरट टब. नट शेवटी हाताने फिरवताना आत दाबून फिरव आणि एकदम बाजूला ओढ, नाहीतर धार कोपरापर्यंत येते आणि नट परातीत बुडतो, मग बस चाचपडत. थेंब थेंब होईपर्यंत दहा पंधरा मिनिटं सोड, तोपर्यंत चहा.

नट परत लावताना आधी हाताने तीन चार आटे फिरव. तो सरळ जात नसेल तर पाना लावून जबरदस्ती करू नको. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल आणि आटे गेले की एकोणीसशे विसर, चेंबरच बदलायला लागेल. टॉर्क पाना (किती जोर लावला ते दाखवणारा) असेल तर मॅन्युअलचा आकडा, नसेल तर बेताने घट्ट, टामीला पाइप लावून लोंबकळायचं नाही.

फिल्टरच्या रबरी पॅकिंगला बोटाने नवं ऑइल चोळ, हाताने बसव, पॅकिंग टेकलं की तिथून साधारण पाऊण फेरा, बास. आणि जुना फिल्टर काढल्यावर त्याचं पॅकिंग त्याच्याबरोबर आलंय ना ते बघ. कधी कधी ते वर ब्लॉकलाच चिकटून राहतं.

मग नरसाळं लावून भर. मॅन्युअलमधे ३ लिटर असेल तर अडीचपाशी थांब, डिपस्टिक बघ, मग हळूहळू. एक मिनिट चालू कर, ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे, खाली लीक बघ, बंद कर, पाच मिनिटांनी परत डिपस्टिक. दोन खुणांच्या मधे पण वरच्या खुणेजवळ. वर जाऊ देऊ नको, जास्त झालं की क्रँक त्यात घुसळतो, फेस होतो, फेस पंपाने ओढला तर वंगण कसलं होणार.

कांदिवली_स्लो
केवढं लिहिलंत, आभारी आहे. एक अडचण, आमच्या पार्किंगमधे खांब असे आहेत की गाडीच्या बाजूला जॅक घालायला जागाच नाही.

गोटीपाना
मग डिपस्टिकच्या नळीतून ओढायचा पंप मिळतो, सायकलच्या पंपासारखा हात मारायचा, बाटलीत ऑइल जमा होतं. खाली जायचंच नाही. तळाशी थोडं राहतं म्हणणारे आहेत पण मी दोन्ही करून बघितलंय, फारसा फरक नाही. फक्त तुझा फिल्टर वरून हाताला येतो का ते बघ, काही गाड्यांमधे खालूनच येतो.

नुसताच_वाचक
पण १०,००० किमी किंवा वर्ष म्हणतात ते मुंबईत धरायचं का? की ५,००० ला?

माहुलचा_म्हातारा
चांगला प्रश्न. धागाकर्त्याचाच हिशोब घ्या. १५ किमी ला सव्वा तास म्हणजे ताशी १२ चा वेग. १०,००० किमी होईपर्यंत इंजिन ८३३ तास फिरलं. तेच १०,००० कोणी हायवेवर ताशी ६० ने केले तर १६७ तास. ओडोमीटरला दोघं सारखे, ऑइलला नाहीत. बहुतेक मॅन्युअलमधे मागच्या पानांवर कठीण वापर म्हणून वेगळा तक्ता असतो, त्यात ट्रॅफिक, आयडलिंग, छोट्या फेऱ्या हे सगळं असतं आणि अंतर कमी दिलेलं असतं. मुंबईकराने तोच तक्ता वाचावा. छोट्या फेऱ्यांचं तर आणखी वाईट, ऑइल पुरतं तापतच नाही, मग त्यात उतरलेलं पेट्रोल आणि ओलावा उडून जात नाही. स्टेशनला सोडायला दोन किमी गाडी नेणाऱ्यांनी तर वर्ष हे शेवटचं टोक समजावं.

पार्ल्याची_पॅसेंजर
आणि ऑइल कुठून घ्यायचं? कुर्ल्याला सीएसटी रोडला स्वस्त मिळतं म्हणतात.

गोटीपाना
स्वस्त का मिळतं तो प्रश्न विचारायचा. कॅस्ट्रॉल, शेल, मोबिल कुठलंही घ्या, डीलरकडून पावती घेऊन घ्या, नाहीतर पंपावर सर्वो, मॅक, एचपी मिळतं ते काही कमी नाही. सील, क्यूआर कोड बघा. आणि रिकामा कॅन फेकताना चाकूने कापून फेका, आख्खे कॅन भंगारात चांगल्या भावाने जातात ते फुलदाण्या करायला नाही.

अनुजा_मुलुंड
सिंथेटिकच घ्यायचं का? मिनरल जवळपास निम्म्यात येतं.

माहुलचा_म्हातारा
५डब्ल्यू३० बहुतेक सिंथेटिक किंवा सेमीच येतं, मिनरलमधे ते बनवायला अवघड. फक्त डब्यावर सिंथेटिक लिहिलंय म्हणून प्रयोगशाळेत बनवलेला रेणू समजू नका. आज दुकानात दिसणारं पुष्कळसं सिंथेटिक हे ग्रुप तीनचं, म्हणजे क्रूडमधूनच निघालेलं पण हायड्रोजनने चांगलं सोलून घेतलेलं. अमेरिकेत यावरून दोन मोठ्या कंपन्यांचं भांडण झालं होतं, १९९९ ला निकाल लागला की याला सिंथेटिक म्हणायला हरकत नाही. ऑइल चांगलंच असतं, वाद नावाचा होता.

कांदिवली_स्लो
रविवारी केलं. रिपोर्ट.

सकाळी साडेसहाला उतरलो म्हणजे कोणी बघणार नाही. पंपाने ऑइल ओढलं, वीस मिनिटं लागली, हात भरून आले. आलेलं ऑइल मोजलं, पावणेतीन लिटर. फिल्टर वरून हाताला येत होता, काढला, नवा लावला, ५डब्ल्यू३० भरलं, स्टार्ट केली. लाल दिवा विझला. मी खूश. खाली वाकून बघतो तर टपटप नाही, धार. पळत जाऊन बंद केली तोवर दोन अडीचशे मिली जमिनीवर.

जुन्या फिल्टरचं पॅकिंग वरच चिकटलेलं. गोटीपाना दादा, तुम्ही ठळक अक्षरात लिहिलं होतंत. मी वाचलं होतं. मोबाईलवर उघडून समोर ठेवलं होतं. तरीपण.

पॅकिंग नखाने खरवडून काढलं, फिल्टर परत लावला, ऑइल पुरं केलं, आता थेंब पण नाही. आणि आज चौथा दिवस, सकाळची टकटक गेली.

उरलेलं अर्धा लिटर बाइकमधे टाकू का?

गोटीपाना
नको!! बाइकचा क्लच ऑइलमधेच बुडालेला असतो, कारच्या ऑइलमधे घर्षण कमी करायचं मटेरियल असतं, क्लच घसरायला लागेल. बाइकला डब्यावर जासो एमए (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं लागतं. ते अर्धा लिटर टॉपअपला ठेव.

कांदिवली_स्लो
ओके. आणि जळकं ऑइल? दापोलीचा काका मागतोय, गोठ्याच्या वाशांना वाळवी लागलीये, त्याला चोळायचंय. वॉचमनला पण गेटच्या बिजागरीला हवंय. आमची ही म्हणते बाथरूममधे ओत आणि विषय संपव.

माहुलचा_म्हातारा
बाथरूम नाही आणि गटार तर नाहीच. तुमच्या आवारातलं पावसाळी गटार सरळ नाल्यात आणि नाला पोयसर नदीत जातो, मधे कुठे काही गाळत नाहीत. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात येतं, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते परत गोळा करायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर पण टाकलीये. तुमच्यापुरतं सोपं काम म्हणजे त्याच कॅनमधे भरून ज्या गॅरेजमधे जळक्या ऑइलचं ड्रम असतं तिथे द्या, पण ड्रम कोण उचलतो ते विचारा, नोंदणी असलेला री-रिफायनर (जुनं ऑइल शुद्ध करून परत वापरात आणणारा) असला पाहिजे, भट्टीत जाळणारा नको. गावाकडे वाशांना चोळतात, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, माहीत आहे मला, माझ्या वडिलांनी पण लावलंय. पण त्यात शिसं, जस्त, काजळी असतं, आणि गोठ्यात गुरं वासे चाटतात. काकांना वाळवीचं औषध घेऊन द्या.

कांदिवली_स्लो
दिलं काका, मालाडच्या एका गॅरेजमधे, ड्रमवर नाव नंबर बघून. दापोलीचा काका जरा रुसलाय.

शेवटचं एक राहिलं. जमिनीवरचा डाग. लाकडाचा भुसा टाकला, मग डिटर्जंटने घासला, तरी टाइलवर सावली राहिलीच. सेक्रेटरींनी त्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय, खाली लिहिलंय "पार्किंग हे गॅरेज नाही", आणि पावती फाडली पाचशेची.

म्हणजे एकोणीसशे वजा पाचशे, आणि गोटी पान्याचा सेट अजून हिशोबात धरलेलाच नाही.

गोटीपाना
सेट हिशोबात धरायचा नसतो. पुढच्या वेळी खाली फ्लेक्सचा जुना बॅनर अंथर, निवडणुकीनंतर फुकट मिळतात.